काटा तळाला, गाडी ठाण्याला

लष्करातून निवृत्त झाल्यावर माझी शेवटची पोस्टिंग डोंबिवलीत झाली. गाडी एक, ड्रायव्हर दोन, सवाऱ्या सहा. टास्क: मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, कल्याण-डोंबिवली ते ठाणे आणि परत. सहा सवाऱ्यांपैकी एक माझी पत्नी वसुधा होती.

हे मी नागरी वाचकांसाठी लिहितो आहे, म्हणून थोडे आधीचे सांगतो. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. सुभेदार म्हणून बाहेर पडलो. नोकरीचा बहुतेक काळ एमटी प्लाटूनमध्ये, म्हणजे गाड्यांवर गेला. त्यातला बराचसा लडाखच्या बाजूला. पुढच्या चौक्यांना लागणारे डिझेलही तिथे गाडीनेच वर न्यावे लागते, आणि ते नेणारी गाडीही डिझेलच पिते. खाली एका ड्रायव्हरने निष्काळजीपणे जाळलेले डिझेल वर कोणाच्या तरी बुखारीतून, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीतून, कमी होते आणि त्या बंकरमधली रात्र तेवढी थंड होते. हे आम्हांला पहिल्याच हिवाळ्यात कळले.

माझे उस्ताद गढवालचे हवालदार होते. फार बोलत नसत. एकदा मी उतारावर जोरात ब्रेक मारला, तेव्हा म्हणाले, "ब्रेक मतलब जला हुआ तेल." ब्रेक दाबावा लागला, याचा अर्थ त्याआधी एक्सलेटर उगाच दाबला होता. लांबवर बघायचे, पुढचा थांबणार असे दिसले की आपला पाय आधीच उचलायचा. रोज सकाळी फर्स्ट परेड: ऑइल, पाणी, टायरमधली हवा. हॉल्ट मिळाला की इंजिन ऑफ. कॉन्व्हॉयमध्ये ही शिस्त होती, तिच्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. मीही पुढे कधी या गोष्टींचा वेगळा विचार केला नाही.

वसुधा शाळेत मराठी शिकवत असे. मी घरी आलो त्यानंतर काही महिन्यांतच तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. मशीन रक्त स्वच्छ करते आणि शरीरात साठलेले पाणी काढते. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी मोजून प्यायचे, दिवसाला काही कप. एक डायलिसिस चुकले तर पाणी फुफ्फुसांत चढू लागते. जवळच्या केंद्रांत जागा नव्हती. ठाण्यातल्या एका धर्मादाय केंद्रात मिळाली, आणि तिथे नेण्यासाठी एका ट्रस्टची व्हॅन मिळाली. मी तिच्याबरोबर जाऊ लागलो. महिन्याभरात ट्रस्टने विचारले, एक ड्रायव्हर कमी आहे, तुम्ही चालवाल का. मी हो म्हटले.

दुसरा ड्रायव्हर प्रकाश, कल्याणजवळच्या मोहन्याचा, पस्तिशीतला. हात चांगला होता, पण गाडी तो गर्दीत वाढलेल्या माणसासारखी चालवायचा: पुढे जागा दिसली की जोर, मग ब्रेक, मग पुन्हा जोर. प्रत्येक पेशंटच्या दारात हॉर्न द्यायचा आणि ते खाली येईपर्यंत इंजिन आणि एसी चालू ठेवायचा. ठाण्यात केंद्राच्या गेटपाशीही तेच. तिथे बाकीच्या गाड्याही अशाच धूर सोडत उभ्या असत.

गाडीच्या टपावर लोखंडी कॅरियर होता आणि त्यावर देणगीदाराचा भला मोठा बोर्ड. मागच्या सीटखाली जुन्या बॅटऱ्या, फाटके पडदे, कोणाचा तरी पत्र्याचा ट्रंक. आणि दाराजवळ वीस लिटरचा पाण्याचा जार. तो कोणा भाविकाने पुण्य म्हणून ठेवायला लावला होता आणि दर सोमवारी न चुकता भरून ठेवला जाई. गाडीतल्या सहाही जणांना पाणी जवळजवळ वर्ज्य होते. मोठागावच्या हिराकाकू त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "एवरा पानी, आन् पियाला एक मानूस नाय." काकू खाडीकाठच्या कोळी घरातल्या. उभे आयुष्य पाण्यावर काढलेल्या बाईवर ही वेळ आल्याचे त्या स्वतःच हसत सांगत.

मी पहिल्यांदा दारात इंजिन बंद केले तेव्हा गाडीत कुजबुज झाली. एसी गेला होता. विष्णुनगरचे दामले निवृत्त बँक अधिकारी, आणि गाडीतले बोलघेवडे. ते म्हणाले, "सुभेदार, हे लडाख नाही. ही डोंबिवली वेस्ट आहे. इथे शत्रू फक्त खड्डे." सगळे हसले. मीही हसलो. वसुधाने सांगितले की केंद्राच्या वेटिंग रूमची खिडकी गेटवरच उघडते, आणि आपल्याच गाडीचा धूर आत बसलेल्या पेशंटच्या नाकात जातो. हे तिने शाळेत फळ्यावर लिहून दाखवावे तशा आवाजात सांगितले. दामले म्हणाले, "मॅडम, मान्य. पण मग खिडकीशेजारची सीट माझी." ती त्यांना मिळाली.

असे काही महिने गेले. मग डिझेल-पेट्रोलच्या टँकरवाल्यांचा संप झाला.

संपाची बातमी बुधवारी सकाळी आली. प्रकाशने चांगल्या हेतूने गाडी काढली आणि पंपावर रांगेत लावली. रांग पंपापासून लांबच लांब, पार पुढच्या चौकापर्यंत गेली होती. कोणीतरी मध्ये घुसेल म्हणून त्याने इंजिन एकदाही बंद केले नाही. ऊन होते म्हणून एसी चालू ठेवला. दुपार गेली. इंचाइंचाने गाडी सरकत राहिली. त्याच्या पुढे चार गाड्या असताना पंपवाल्याने दोरी बांधली. डिझेल संपले होते.

प्रकाश संध्याकाळी माझ्या घरी आला. खाली मान घालून म्हणाला, "सर, डिझेल आणायला गेलो आणि असलेलं जाळून आलो."

मी खाली जाऊन काटा पाहिला. तो लाल पट्टीच्या जरासा वर होता. रोजच्या पद्धतीने चालवली तर ठाण्याची एक फेरी निघाली असती, कदाचित तीही परतीत अडकली असती. आम्हांला दोन हव्या होत्या, गुरुवारची आणि शनिवारची. संप कधी मिटेल हे कोणी सांगत नव्हते. रिक्षावाले सीएनजीच्या रांगेत होते आणि लांबचे भाडे घेत नव्हते. अँब्युलन्स ज्या होत्या त्या अत्यवस्थ रुग्णांसाठी राखल्या होत्या. सहापैकी दोघांना तर पायऱ्याही चढवत नव्हत्या, त्यांना स्टेशनच्या जिन्यावरून नेण्याचा विचारही शक्य नव्हता.

मी सगळ्यांना फोन केले. परिस्थिती जशी होती तशी सांगितली. पेशंटपासून अशी गोष्ट लपवू नये, असे वसुधाचे म्हणणे होते. मला भीती होती की कोणी रडेल, कोणी ट्रस्टला दोष देईल. तसे काही झाले नाही. दामल्यांनी फोनवर जे सांगितले ते मी विसरणार नाही.

"सुभेदार, आम्ही सहाही जण दिवसभर मोजून पाणी पितो. चहा अर्धा कप. तहान लागली तर बर्फाचा खडा चघळतो. थोडक्यात भागवायचं कसं, हे आम्हांला शिकवू नका. आधी गाडीचं ड्राय वेट काढा."

ड्राय वेट हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. शरीरातले जादा पाणी काढल्यावर जे खरे वजन उरते ते. केंद्रात प्रत्येक जण काट्यावर उभा राहतो आणि त्याच आकड्यावर त्या दिवसाचा हिशेब ठरतो. जे स्वतःच्या शरीराला लागू होते, ते गाडीलाही लागू होते, इतके साधे त्यांचे म्हणणे होते. मला हे सुचले नव्हते.

गुरुवारी सकाळी लवकर मी आणि प्रकाशने फर्स्ट परेड केली. कॅरियर नटबोल्ट काढून उतरवला, त्याबरोबर देणगीदाराचा बोर्डही. टपावर असे काही उभे असले की ते वाऱ्याला अडवते आणि हायवेवर इंजिनाला ते रेटत न्यावे लागते. बॅटऱ्या, पडदे, ट्रंक बाहेर काढले. जार उचलताना प्रकाश थबकला. पुण्य म्हणून ठेवलेला जार होता. मी म्हटले, झाडांना घाल. चारही टायरमध्ये हवा कमी निघाली. कंपनीच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाइतकी भरून घेतली. एसी बंद, खिडक्या उघड्या.

पेशंटनी आपल्या बाजूने काम केले. गाडी गल्लीत घुसवून, वळवून, रिव्हर्स घेण्यात डिझेल जाते. म्हणून गल्लीतले लोक आधीच मुख्य रस्त्यावर येऊन बसले. व्हीलचेअरवाल्या बाईंना शेजाऱ्यांनी चौकापर्यंत ढकलत आणले. हॉर्न एकदाही वाजवावा लागला नाही. हिराकाकू मोठागावच्या नव्या पुलाच्या तोंडाशी दगडावर बसल्या होत्या. त्यांना घेतले आणि पूल ओलांडून माणकोलीला हायवेला लागलो.

पुलाच्या उतारावर प्रकाश म्हणाला, "सर, न्यूट्रल टाका ना. फुकटात जाईल." ही समजूत आपल्याकडे बहुतेक ड्रायव्हरांची आहे. मी गिअर काढला नाही. पाय फक्त एक्सलेटरवरून उचलला. उतारावर गिअरमध्ये असलेल्या गाडीला चाकेच फिरवतात, इंजिन डिझेल मागत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी पीतच राहते, आणि गाडीही ताब्यात राहत नाही. प्रकाशने ऐकून घेतले. नंतर सबंध रस्ताभर तो माझ्या पायाकडे बघत होता.

गुरुवारची फेरी झाली. परतताना डिझेलचा लाल दिवा लागला.

शनिवारी वसुधाला सकाळपासूनच बरे नव्हते. पायांवर सूज होती आणि जिना उतरताना ती दोनदा थांबली. तिच्याशेजारी बसणे मला भाग होते. मी किल्ली प्रकाशच्या हातात दिली.

तो म्हणाला, "सर, बुधवारी मी काय केलं, माहीत आहे ना तुम्हांला?"

"माहीत आहे. चालव."

त्याने चालवली. पुलापर्यंत त्याचा पाय इतका हलका होता की मला गिअर बदललेला ऐकूनच कळत होता. दामले मागून म्हणाले, प्रकाश आज नवरदेवाला घेऊन चालल्यासारखा चालवतोय. माणकोलीच्या पुढे हायवेवर वळलो आणि समोर रस्ता भरलेला दिसला. पुढच्या पंपावर पोलिस बंदोबस्तात एक टँकर येणार, अशी अफवा होती. रांग सर्व्हिस रोडवरून सांडून हायवेवर आली होती. ट्रक, टेम्पो, कार, सगळे इंचाइंचाने सरकत होते.

प्रकाशने आरशात माझ्याकडे पाहिले. ही तीच बुधवारची रांग होती. सरकत राहिलो तर ठाणे येण्याआधी टाकी कोरडी. डिझेल गाडीची टाकी कोरडी झाली की इंजिन एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते, मग वरून डिझेल ओतले तरी ती लगेच सुरू होत नाही. आणि थांबलो तर वसुधा.

"प्रकाश, हॉल्ट. डावीकडे घे. इंजिन ऑफ."

"सर, मॅडमना…"

वसुधाने डोळे उघडले. तिला एका दमात वाक्य पुरे करता येत नव्हते. "बंद कर रे. मी… आहे."

त्याने किल्ली फिरवली. गाडीत शांतता झाली. बाहेर मात्र शेकडो इंजिने घरघरत होती. मी प्रकाशला पायी पुढे पाठवले. वसुधाला मी ताठ बसवले, पाठीला उशी दिली. हिराकाकू पदराने वारा घालू लागल्या आणि तिला म्हणाल्या, "बाय, उलटे पान्यान् वल्हवायचा नसते. वारा परंल. बसून ऱ्हा." म्हणजे प्रवाह उलटा असताना जोर करायचा नाही, वारा पडेपर्यंत थांबायचे. मी केंद्रात फोन लावला. तिथल्या टेक्निशियनने सांगितले, काका, मशीन बारापर्यंत तुमच्यासाठी धरतो, त्यानंतर मला दुसऱ्यांना द्यावी लागेल.

मग प्रकाशचा फोन आला.

"सर, पुढे दोन ट्रेलर आडवे झालेत. पोलिस क्रेन लावतायत."

"त्यांच्या पुढे रस्ता?"

"एकदम मोकळा."

"ट्रेलर हलले की सांग. मग परत ये."

"ओके सर."

दामले म्हणाले, "रॉजर म्हणायला शिकवा त्याला." कोणी हसले नाही, पण सगळ्यांना बरे वाटले असावे. मला वाटले.

वाट पाहणे हे लष्करातले सर्वांत कठीण काम आहे. मी ते बरेच केले आहे. पण माझ्या खांद्यावर टेकलेल्या माणसाचा श्वास मोजत मी तोपर्यंत कधी वाट पाहिली नव्हती. आमच्या शेजारून कितीतरी गाड्या सरकत पुढे गेल्या आणि थोड्याच अंतरावर पुन्हा उभ्या राहिल्या. आम्ही एकाच जागी होतो, आणि काटा जिथे होता तिथेच होता.

फोन वाजला. "हलले, सर." पाठोपाठ प्रकाश धावत आला, सीटवर बसला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून क्षणभर थांबला. पुढची रांग सुटेपर्यंत त्याने किल्लीला हात लावला नाही. समोर सलग जागा झाली तेव्हाच इंजिन सुरू केले आणि एकाच चालीत गाडी त्या गर्दीतून बाहेर काढली. दुसरा, तिसरा, चौथा, टॉप. मग एकच वेग. खारेगावच्या खाडीपुलाच्या चढावर त्याने वेग थोडा पडू दिला, जोर केला नाही. माजिवड्याचा सिग्नल लांबून लाल दिसला तेव्हा त्याने पाय उचलला. गाडी आपल्या ओघाने पुढे जात राहिली, आणि आम्ही पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झाला. ब्रेक लागलाच नाही. माझे उस्ताद त्या गाडीत असते तर काही बोलले नसते. त्यांचे न बोलणे म्हणजेच शाबासकी असे.

केंद्राच्या गेटवर टेक्निशियन स्ट्रेचर घेऊन उभा होता. बाराला अजून अवकाश होता. त्याने आम्हांला मोजले, एक ते सहा, आणि म्हणाला, "आज दुसऱ्या गावांहून निम्मे लोक पोचलेच नाहीत. तुम्ही कसे आलात?"

दामले काट्यावर चढता चढता म्हणाले, "ड्राय वेटवर."

चार तासांनी वसुधा उठून बसली. चेहऱ्यावर रंग आला होता. तिने पहिले वाक्य पूर्ण बोलून दाखवले: "प्रकाशला चहा द्या, आणि कप भरून द्या." मी बाहेर जाऊन दिला. तो गेटपाशी इंजिन बंद केलेल्या गाडीला टेकून उभा होता.

परतीची फेरीही त्यानेच केली. एकेकाला उतरवत तो शेवटी रिकामी गाडी घेऊन कल्याणला लाल चौकीच्या पार्किंगमध्ये गेला. तिथून त्याने रिपोर्ट दिला.

"सर, गाडी पोचली. इंजिन मी बंद केलं. स्वतःहून नाय पडलं."

मी त्या वाक्याला आजही सॅल्यूट करतो.

सोमवारी संप मिटला. टाकी भरली. बोर्ड आणि कॅरियर पुन्हा लावायचे का, असे ट्रस्टने विचारले. देणगीदार स्वतः आले, सगळे ऐकले आणि बोर्ड ऑफिसात लावा म्हणाले. त्या महिन्यापासून आमच्या गाडीला पूर्वीपेक्षा कमी डिझेल लागू लागले, आणि ते तसेच राहिले. केंद्राच्या गेटवर प्रकाश आता दुसऱ्या ड्रायव्हरांच्या काचेवर टकटक करतो. "इंजिन ऑफ करा, आत पेशंट आहेत." सुरुवातीला त्याला शिव्या मिळाल्या. हळूहळू एकेक करून सगळे बंद करू लागले. वेटिंग रूमची खिडकी, जी कायम लावलेली असे, ती आता उघडी असते. उन्हाळ्यात तिथून वारा येतो.

हिराकाकू अजून येतात. बाकीच्यांत नवीन चेहरे आहेत.

दामले त्याच वर्षीच्या थंडीत गेले. हृदय थांबले. त्या दिवशी गाडीत खिडकीशेजारच्या सीटवर कोणी बसले नाही.

वसुधाला त्या शनिवारनंतर दीड वर्ष मिळाले. त्यात तिने आंब्याचे दोन हंगाम पाहिले. किडनीच्या पथ्यामुळे आंबा तिला मना होता, म्हणून प्रत्येक हंगामात एकच फोड, डॉक्टरांना विचारून, बाल्कनीत बसून, शक्य तितकी सावकाश. दुपारी ती वाचत असे आणि आवडलेले पान मला मोठ्याने वाचून दाखवत असे. आम्ही तेवीस वर्षे लग्नाची अशी काढली होती की मी सुट्टीवर येणारा माणूस होतो. हे दीड वर्ष मी रोज घरी होतो.

लष्करात आपण आपल्या गेलेल्या माणसांची नावे दगडावर कोरतो, नंबर आणि हुद्द्यासकट. या दोघांना नंबर नव्हता, हुद्दा नव्हता. तरी ते माझ्या शेवटच्या प्लाटूनचे होते, म्हणून त्यांची नावे इथे लिहितो.

वसंत दामले. विष्णुनगर, डोंबिवली.

वसुधा सावंत. माझी पत्नी.

शनिवारच्या फेरीत दोघेही ठाण्याला पोचले.